दुपारचं दळण

१

बाळंतिणीची खोली आणि तुरुंग यांत फरक एवढाच, की तुरुंगात मेथीचा काढा पाजत नाहीत. हे वहीबाचं मत, आणि ते ती सासूला दिवसातून दोनदा तरी ऐकवायची.

"पी मुकाट्यानं," सासू, हज्जा झन्नूबा, पेला पुढं करत म्हणाली. "दूध काय तुझ्या शाळेच्या पुस्तकातून येणारे?"

"अम्मा, माझ्या अंगाला आता मेथीचाच वास येतो. पोरगी मला ओळखायची नाही."

"पोरं वासानंच ओळखतात, मास्तरीणबाई. तोंडं नंतर."

सोहाग शहराच्या अलीकडं नदीकाठी त्यांचं गाव. वहीबा तिथल्या शाळेत इतिहास शिकवायची. फारोह राजांपासून सुरू करून ग्रीक, रोमन, अरब, तुर्क, इंग्रज असं करत वर्षअखेर नदीवरच्या मोठ्या धरणापर्यंत पोचायचं. पाच हजार वर्षं एका पातळ पुस्तकात कोंबलेली, त्यामुळे धापा टाकतच शिकवावं लागे. आता मात्र सातव्याचा सोहळा होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नव्हता. खोलीत कोणी कोणी यायचं नाही याचीही भलीमोठी यादी झन्नूबाला पाठ होती. वांगी चिरलेली बाई नको, ताजं मटण घेऊन आलेला नको, दाढी करून आलेला पुरुष तर मुळीच नको; आईचं दूध आटतं. वहीबाच्या नवऱ्यानं, खलफनं, मुलगी झाल्याच्या आनंदात नेमकी गुळगुळीत दाढी केली होती. त्यामुळे स्वतः बांधलेल्या खोलीच्या खिडकीबाहेर उभं राहून तो लेकीचं तोंड बघत होता.

वहीबा हसायची, पण यादी मोडायची नाही. कारण याआधी दोनदा ती बाळंत झाली होती. पहिला मुलगा थोडेच दिवस राहिला. दुसरी मुलगी रडलीच नाही. तिसऱ्या खेपेला सासूनं सांगितलं असतं की डोक्यावर उखळ घेऊन बस, तर ती शिकलीसवरलेली बाई उखळ घेऊन बसली असती.

ती दोन्ही मुलं जुन्या खोलीतली. म्हणून खलफनं ही नवी बांधली, मागच्या अंगणात, कच्च्या विटांची. धरण झाल्यापासून नदी गाळ आणत नाही आणि कालव्याच्या चिखलात प्लास्टिकच जास्त, म्हणून माती आणली गावामागच्या टेकाडावरची. पांढरीची माती, मऊ, खापऱ्यांनी भरलेली. कुठल्या तरी काळातल्या लोकांची घरं विरून झालेली. तिथं सरकारची पाटी आहे, खणू नये म्हणून. त्या पाटीला लोक म्हशी बांधतात.

खोली छान झाली होती. गार आणि शांत. बाळ जन्मल्यापासून तिथं झोपत होतं आणि बाळसंही धरत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी वहीबा डुलकीतून उठली, तेव्हा लेकीच्या कपाळावर पांढरी बोटं उठलेली दिसली. तिनं हात लावून पाहिलं. पीठ होतं.

२

"अम्मा, भाकरीचे हात धुवून येत जा ना."

"कसल्या भाकरी? भाकरी गुरुवारी. आज काय वार आहे ते तरी माहीत आहे का बाईसाहेबांना?"

वार सोमवार होता. घरातलं पीठ संपलेलं होतं, गिरणीत गहू पडून होते. शेजारीण आली असेल, असं वहीबानं ठरवलं आणि कपाळ पुसून टाकलं. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती जागी होती. जेवणं झाली की गाव मेल्यासारखं पडतं. कुत्रीसुद्धा सावलीला जातात. पंप बंद होतो. अशा वेळी तिला घरघर ऐकू आली. दगडावर दगड. जात्यासारखी गोल फिरणारी नव्हे. पुढं आणि मागं, पुढं आणि मागं, पाट्यावर वरवंटा ओढावा तशी. मधेच थांबायची, मूठभर धान्य टाकायला लागावा तेवढा वेळ, आणि पुन्हा सुरू.

आवाज पलीकडच्या घरातून यावा तर त्या बाजूला घरच नव्हतं. भिंत, भिंतीपलीकडं खजुराची दोन झाडं आणि मग शेत. वहीबानं मनाशी कारणं मांडली. दूर कुठं ट्रॅक्टर असेल. जमिनीतून आवाज फार लांब जातो, नव्या भिंती वाळताना कुरकुरतात, आणि बाळंतिणीचं डोकं ठिकाणावर नसतं हे तर सगळेच सांगतात. कारणं चांगली होती. मुलांनी परीक्षेत लिहिली असती तर तिनं पूर्ण गुण दिले असते.

पण पोरगीनं भिंतीकडं मान वळवली होती. चार दिवसांचं पोर, मान धरत नाही अजून, आणि तिनं ती हळूहळू, निश्चयानं वळवली होती. घरघर चालू होती तोवर ती टक्क डोळे उघडे ठेवून गप्प पडून राहिली.

आवाज थांबल्यावर वहीबानं तिला छातीशी घेतलं. पाजायची वेळ झाली होती, पदर ओला झाला होता. पोरगीनं तोंड फिरवलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता आणि ती पोट भरल्यासारखी जांभई देत होती. वहीबानं तिला सकाळपासून पाजलेलं नव्हतं.

३

"जुन्या काळी इथं पाटा असायचा का हो, अम्मा?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जातं होतं. माझ्या आजीचं. गोल. पाटा कशाला असेल?" झन्नूबा बाळाचे पाय तेलानं चोळत होती. "का गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्या बाईला फार काही असतं."

कपाळावर आजही पीठ होतं. यावेळी वहीबानं पुसण्याआधी बोटानं उचलून जिभेवर ठेवलं. गिरणीचं नव्हतं ते, भरडं होतं, आणि दाताखाली कचकन वाळू आली. ती तशीच बसून राहिली. दरवर्षी ती वर्गात सांगायची, त्या काळच्या माणसांचे दात लवकर झिजायचे, कारण दळताना दगडाची कच भाकरीत जायची. मुलांना हे फार आवडे, ती एकमेकांचे दात बघत. वहीबानं खिडकीतून बाहेर थुंकलं आणि चूळ भरली, तरी तो कण दाढेतून जाईना.

संध्याकाळी खलफ खिडकीशी आला. दाढीचे खुंट वाढवत होता बिचारा, आत यायला मिळावं म्हणून.

"कशी आहे माझी राणी?"

"राणी बरी आहे. खलफ, माती खणताना काय काय निघालं होतं?"

"खापऱ्या. निघायचंच काय दुसरं? अर्धं गाव त्या टेकाडाच्या मातीचं आहे."

"दगड?"

तो जरा घुटमळला. "एक होता. लांबट, मधे खोलगट, खोगिरासारखा. गुळगुळीत झालेला अगदी. चांगला दगड होता, टाकवेना. ह्या भिंतीच्या पायात घातला." त्यानं नेमक्या त्याच भिंतीकडं हनुवटी केली. "का?"

"आणि?"

"आणि काय? तू म्हणजे पोलीसच झालीस." मग त्यानं आवाज उतरवला. "एक मडकं होतं. एवढंसं. दगडाच्या शेजारीच पुरलेलं. तोंड मातीनं लिंपलेलं."

"आत काय होतं?"

"मातीच की."

"नुसती माती?"

"वहीबा, मऊ काळी माती होती. चांगली होती. मी ती... चिखलात टाकली. विटांच्या." तो बोटांनी खिडकीची कड खरवडत राहिला. "मला काय माहीत? मातीच होती."

त्या टेकाडातली छोटी मडकी कशासाठी असतात, त्यांत कोणाची तान्ही पुरलेली असतात, हे वहीबाला पुस्तकातून माहीत होतं. खलफलाही माहीत असावं, कारण तो जेवायला न थांबता निघून गेला. आपली दोन्ही मुलं कुठं पुरली आहेत हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्यावर ते कधी बोलत नसत.

४

आता ती दुपारची वाट बघायला लागली. भीती वाटत होती आणि तरी वाट बघत होती, जिभेनं दुखरा दात चाचपत राहावं तसं. पुढं, मागं. पुढं, मागं. थांबणं. पहिल्यांदा तिला वाटलं होतं की थांबते ती धान्य टाकायला. आज तिनं लेकीकडं बघत ऐकलं. घरघर थांबली. अगदी थोडी शांतता झाली, एखादं छोटं नाव घेऊन व्हावं इतकी. आणि लेकीनं ओ दिल्यासारखा हुंकार दिला. घरघर पुन्हा सुरू झाली.

वहीबाला स्वतःला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण आपल्या मुलाला हाक मारून, ते जागेवर आहे ना एवढं बघून पुन्हा कामाला लागणारी बाई तिनं जन्मभर पाहिली होती. तिची आई तशीच होती. इथं तर अजून बारसंच व्हायचं होतं, पोरीला नावच नव्हतं. आणि पोरगी नावाला ओ देत होती.

तिनं बाळ उचललं, चादर गुंडाळली आणि सरळ उंबरा ओलांडून जुन्या खोलीत जाऊन बसली.

"अगं ए, सटवे, कुठं निघालीस?" झन्नूबा झोपेतून धडपडत आली. "सातवा व्हायचाय अजून."

"मी त्या खोलीत राहणार नाही."

"का?"

"उकडतं."

झन्नूबानं त्या गारेगार खोलीकडं पाहिलं, मग सुनेकडं, आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

पोरगीनं संध्याकाळी दूध घेतलं नाही. रात्री घेतलं नाही. सकाळी साखरेचं पाणी ओठांना लावलं तर ते गालावरून ओघळून गेलं. खलफ डॉक्टरला आणायला तालुक्याला पळाला. दुपार चढली तशी पोर आधी किंचाळली, मग कण्हली, मग कण्हायचीही थांबली. ओठ जांभळे पडले. वहीबानं हे ओठ याच खोलीत आधी दोनदा पाहिले होते. ती नुसती बघत बसली.

झन्नूबानं बाळ तिच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि म्हातारी बाई पळाली अंगणातून, अनवाणी, तापल्या मातीवरून. वहीबा मागोमाग गेली. झन्नूबानं पोरीला भिंतीलगतच्या गादीवर ठेवलं आणि दोघी दारातच उभ्या राहिल्या. दोघींपैकी एकीलाही पुढं जावंसं वाटेना.

घरघर चालू नव्हती. हातातलं काम टाकून कोणी तरी उठलं असावं, असं वहीबाला वाटून गेलं.

पोरीचं तोंड हललं. ओठ पुढं झाले, घट्ट मिटले, आणि ती चोखायला लागली. हवाच चोखत होती. गळ्याशी घोट उतरताना दिसत होता. भिंतीकडचा तिचा गाल दबला होता, पिताना मूल आईच्या छातीला टेकलं की दबतो तसा, आणि केसांवरून पांढरी भुकटी खाली पडत होती. बघता बघता ओठ गुलाबी झाले.

झन्नूबानं गळ्यातली जपमाळ मुठीत धरली होती. मग पुटपुटली, "पोरगी जगतेय ना?"

"अम्मा..."

"मी तुला विचारतेय. जगतेय ना?"

"जगतेय."

"मग," म्हातारी म्हणाली आणि चुलीकडं निघून गेली. डॉक्टर आला तेव्हा पोरगी शांत झोपली होती. त्यानं वजन केलं आणि आईला म्हणाला, चांगलं पाजताय, असंच पाजत राहा.

५

सातव्याच्या आदल्या संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या. एकेका मेणबत्तीला एकेक नाव द्यायचं. जी शेवटपर्यंत जळेल ते नाव बाळाचं. खलफनं आपल्या वारलेल्या बहिणीचं नाव दिलं, समीहा. झन्नूबानं दिलं शहाता, म्हणजे भिकारीण. असल्या पोरीला कोणी नजरही लावत नाही आणि कोणी नेतही नाही. वहीबानं दिलं नव्वारा. फूल. हे नाव तिनं पहिल्या खेपेपासून जपून ठेवलं होतं.

ताटात वाळूत खोचून तिन्ही लावल्या. दार बंद, खिडकी बंद. दिवस मावळला होता. तिन्ही ज्योती सरळ उभ्या होत्या आणि तिन्ही एकदमच विझल्या.

"वारा," खलफ म्हणाला. आज त्याला आत घेतलं होतं.

"हो. वारा," झन्नूबा म्हणाली आणि काडी ओढली. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा तिनं काडी ओढलीच नाही. पेटी पदरात धरून बसली.

वहीबानं डब्यातून चौथी मेणबत्ती काढली आणि तिन्हींच्या मधे खोचली. तिला राग येत होता, कोणावर ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"ही कोणाच्या नावाची?" खलफनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"असं कसं? नावाशिवाय मेणबत्ती नाही लावत."

"तू मला शिकवू नको, खलफ. तू विटा कर." मग ती मऊ झाली. "मला हिला पुरायचं नाही रे. कोणी काय हाक मारायची ती मारो."

तिनं मेणबत्ती लावली. भिंतीकडं न बघता, पण भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढीच आहे माझ्याकडं. सांभाळ."

सकाळीही ती मेणबत्ती जळत होती, आणि जेवढी काल होती तेवढीच होती. झन्नूबानं बायका यायच्या आत ती फुंकून ओढणीत लपवली. खलफनं सरकारी दप्तरात नाव लिहवून आणलं, नव्वारा.

६

सातव्याला अंगण बायकांनी भरलं. खारे दाणे आणि गोळ्या वाटल्या, पोरीला चाळणीत ठेवून हलवलं, वहीबानं तिला सात वेळा ओलांडलं. उन्हं डोक्यावर आली. झन्नूबा पितळी खलबत्ता घेऊन चाळणीशी बसली आणि बाळाच्या कानाशी दणदण बत्ता आपटायला लागली. मूल धीट व्हावं म्हणून करतात.

"आजीचं ऐकायचं," दण. "आईचं ऐकायचं," दण. "बापाचं अजिबात ऐकायचं नाही," दण. बायका हसल्या. खलफनं कान धरले.

"आता तू हाक मार गं वहीबा. नावानं."

वहीबा वाकली. "नव्वारा," ती म्हणाली. पोरगी आकाशाकडं बघत होती. "नव्वारा. ए बाळा, इकडं बघ. नव्वारा."

"अजून लहान आहे गं," कोणी तरी म्हणालं.

इतक्यात वहीबाला जाणवलं, की बत्त्याच्या आवाजाखाली मघापासून दुसराही आवाज होता आणि तो आत्ताच थांबलाय. थोडी शांतता झाली. चाळणीतलं पोर वळलं, सगळ्या अंगानिशी, नव्या खोलीच्या दाराकडं, आणि हसलं. सात दिवसांची मुलं अशी हसत नाहीत. तोंडभर, ओळखून.

"हसली बघा," बायका म्हणाल्या, आणि सगळ्यांनी मिळून आनंदाचा असा उलुलू केला की खजुरावरची पाखरं उडाली. झन्नूबा तेवढी खाली मान घालून खलबत्ता पुसत होती. वहीबाही सगळ्यांबरोबर हसली. तिनं चाळणी उचलली तेव्हा खाली मातीवर पिठाचं गोल कडं पडलेलं होतं, ते तिनं कोणी बघायच्या आत पायानं मोडलं.

७

रजा संपली आणि वहीबा शाळेत जायला लागली. पोरगी छान वाढत होती. गावात तिच्याइतकं गुटगुटीत मूल नव्हतं. नव्वारा म्हटलं की मात्र ती अजून वळत नसे. शिक्षकखोलीत एकीनं विचारलं, "दुपारी कोण असतं गं तिच्यापाशी? तुझ्या सासूला तर आता दिसतही नाही नीट."

"आहे एक बाई," वहीबा म्हणाली. "घरचीच आहे."

त्या दिवशी वर्गात तिनं फळ्यावर नेहमीची रांग लिहिली. फारोह, ग्रीक, रोमन, अरब, तुर्क, इंग्रज. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"बाई, राजे बदलले ते कळलं. पण ती आधीची साधी माणसं कुठं गेली?"

वहीबाला उत्तर येत होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. गाव पडलं होतं, कुत्री सावलीला गेली होती, पंप बंद झाला होता. तिच्या छातीत दूध भरून आलं होतं आणि ते आता कोणालाच नको होतं.

"कुठं जाणार?" ती म्हणाली. "इथंच आहेत."

मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला. झन्नूबानं दिलेली, कणीक उन्हात फुगवून भाजलेली भाकरी होती, चीज होतं, कांदा होता. भाकरी मोडून तिनं घास घेतला आणि दाताखाली कचकन वाळू आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग तो घास नीट चावला, आणि गिळला.